हातातील जीपीएस यंत्र : निवड, वापर आणि मर्यादा



जमिनीखालून पाइपलाइन टाकून दहा-बारा वर्षे झाली, की तिचा जोड नेमका कोठे आहे हे घरात एखाद्यालाच ठाऊक असते. 'बांधावरच्या बाभळीपासून वीस पावले पूर्वेला' अशी त्याची खूण असते. पुढे बाभळ तुटते, बांध जेसीबीने सरळ केला जातो आणि ज्याला खूण ठाऊक होती तो माणूसही राहत नाही. मग ऐन उन्हाळ्यात गळती लागली म्हणजे जोड शोधण्यासाठी दोन-दोन दिवस चर खणत बसावे लागते. मजुरी जाते ती जातेच, पण तेवढे दिवस उसाची पाळीही चुकते.

अशा जागांची नोंद ठेवण्यासाठी हातात मावणारे जीपीएस यंत्र, किंवा मोबाइलमधील जीपीएस, फार उपयोगी पडते. मात्र याच यंत्राच्या जोरावर काही ठिकाणी बांधाचे तंटे उकरून काढले जात आहेत, हेही आम्हांला गावोगाव फिरताना दिसते. मोबाइलवर निळा ठिपका शेजाऱ्याच्या उसात दिसला, म्हणजे आपली तेवढी जमीन त्याने दाबली, असा समज करून घेतला जातो. म्हणून या लेखात यंत्र कसे निवडावे व वापरावे याबरोबरच ते कोठे वापरू नये हेही थोडे विस्ताराने सांगितले आहे.

यंत्र काय करते?

जीपीएस ही अमेरिकेने उभारलेली, उपग्रहांच्या साहाय्याने स्थान ठरविण्याची पद्धत होय. तिचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडण्यात आला आणि १९९५ मध्ये ती पूर्णपणे कार्यान्वित झाली. सुमारे २०,२०० कि.मी. उंचीवरून तिसाच्या आसपास उपग्रह दिवसातून दोन वेळा पृथ्वीभोवती फिरत असतात. प्रत्येक उपग्रह 'मी अमुक ठिकाणी आहे व आता अमुक वेळ झाली आहे' असा संदेश सतत पाठवीत असतो. आपल्या हातातील यंत्र तो संदेश पोहोचण्यास किती वेळ लागला हे मोजते व त्यावरून अंतर काढते. हा संदेश सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात ३०० मीटर अंतर तोडतो. यावरून वेळ किती बारकाईने मोजावी लागते याची कल्पना येईल. जागा ठरविण्यास तीन उपग्रहांची अंतरे लागतात. यंत्रातील साधे घड्याळ उपग्रहावरील घड्याळाइतके अचूक नसल्याने ती चूक काढण्यास चौथा उपग्रह लागतो. म्हणून कमीत कमी चार उपग्रह दिसल्याशिवाय वाचन भरवशाचे धरू नये.

यंत्र फक्त संदेश ऐकते, स्वतः काही पाठवीत नाही. त्यामुळे त्यास सिमकार्ड किंवा मासिक आकार लागत नाही. बैलाच्या गळ्यात किंवा मोटारीच्या पेटीत असे यंत्र ठेवले तर चोरी झाल्यावर ते सापडेल, असे काही शेतकरी विचारतात. नुसत्या जीपीएस यंत्राने हे होत नाही. त्यासाठी जागा कळविणारे, सिमकार्डाचे वेगळे यंत्र घ्यावे लागते.

१९९० च्या दशकात नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळली जात असे आणि वाचन शंभर मीटरपर्यंत फसत असे. मे २००० मध्ये हा प्रकार बंद झाला आणि मगच शेतीत या यंत्राचा विचार करता येऊ लागला. आता रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ व चीनचे बायडू हे उपग्रहही बहुतेक यंत्रांना वापरता येतात. आपल्या इस्रोने २०१३ पासून सोडलेल्या उपग्रहांच्या यंत्रणेस नाविक असे नाव आहे. जितक्या जास्त यंत्रणांचे उपग्रह यंत्राला दिसतील तितके ते डोंगराच्या कुशीत व झाडीत अधिक तग धरते.

चूक किती येते?

मोकळ्या आभाळाखाली चांगल्या यंत्रात साधारणतः ३ ते ५ मीटर चूक धरून चालावे. मोबाइलमध्ये ती ५ मीटरच्या आसपास असते. पाच मीटर म्हणजे सोळा फूट. हा आकडा प्रत्येकाने लक्षात ठेवावा, कारण पुढील सर्व विवेचन त्यावरच उभे आहे. पडद्यावर '± ३ मीटर' असे दिसते तो यंत्राने स्वतःविषयी केलेला अंदाज असतो, हमी नसते. प्रत्यक्ष जागा त्यापेक्षा दूरही असू शकते.

दाट आंब्याखाली, विशेषतः पाने पावसाने ओली असताना, चूक वाढते. पत्र्याचे शेड, उंच भिंत किंवा कडा जवळ असेल तर उपग्रहाचा संदेश त्यावर आपटून मग यंत्राकडे येतो. तो लांबून आल्यासारखा वाटतो व जागा सरकते. वातावरणाच्या वरच्या थरातूनही संदेशास उशीर होतो. हा उशीर आपल्याकडे दुपारनंतर जास्त असतो व संध्याकाळीही वाचन अस्थिर होऊ शकते. महत्त्वाच्या नोंदी शक्यतो सकाळी घ्याव्यात. दोन वारंवारतांवर चालणारी नवी यंत्रे व काही मोबाइल ही चूक बरीच कमी करतात, परंतु तीही सेंटिमीटरवर येत नाही.

मोबाइल की स्वतंत्र यंत्र?

आमचे स्पष्ट मत असे, की दोन-चार एकर बागायत एकाच ठिकाणी असलेल्या शेतकऱ्याने स्वतंत्र यंत्रावर पैसे घालू नयेत. खिशातील मोबाइल पुरेसा आहे. मोबाइलला रेंज नसेल तर जीपीएस चालत नाही, हा समज चुकीचा आहे. रेंज नसताना पहिले वाचन येण्यास वेळ लागतो आणि मागचा नकाशा उमटत नाही, इतकेच. गावाच्या परिसराचा नकाशा घरी असतानाच मोबाइलमध्ये उतरवून ठेवला, म्हणजे तीही अडचण राहत नाही.

स्वतंत्र यंत्राची गरज वेगळ्या लोकांना असते. कोकणात डोंगरउतारावर काजू-आंब्याचे तुकडे विखुरलेले असणारे बागायतदार, जंगलालगत गुरे किंवा मेंढरे घेऊन जाणारे, गावोगाव बीजोत्पादनाचे प्लॉट पाहणारे आणि शेतकरी गटासाठी मातीचे नमुने गोळा करणारे यांना दिवसभर यंत्र चालू ठेवावे लागते. मोबाइलची बॅटरी तेथे दुपारीच मान टाकते. पावसात ओल्या बोटांना मोबाइलचा पडदा दाद देत नाही आणि भर उन्हात तो नीट दिसतही नाही. उलट स्वतंत्र यंत्राचा पडदा उन्हात स्पष्ट दिसतो व चिखलाच्या हातानेही त्याची बटणे दाबता येतात.

विकत घेताना काय पाहावे?

सर्वांत आधी बॅटरी पाहावी. साध्या पेन्सिल सेलवर चालणारे यंत्र खेडेगावात सोयीचे पडते, कारण सेल कोणत्याही दुकानात मिळतात. उदाहरणार्थ, गार्मिन कंपनीचे ईट्रेक्स २२ एक्स हे यंत्र अशा दोन सेलवर सुमारे २५ तास चालते असे कंपनी सांगते. आतच बसविलेल्या बॅटरीचे यंत्र घेतल्यास ती काही वर्षांनी मंदावते व बदलून मिळणे तालुक्याच्या गावी कठीण जाते.

दुसरे, यंत्रावर आयपीएक्स-७ अशी खूण आहे का ते पाहावे. याचा अर्थ ते एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिले तरी आत पाणी जात नाही. पाटाला पाणी देताना यंत्र हातून निसटणे काही नवलाचे नाही.

तिसरी गोष्ट होकायंत्राची. स्वस्त यंत्रात वेगळे होकायंत्र नसते. अशा यंत्रातील बाण आपण चालत असतानाच बरोबर दिशा दाखवितो. उभे राहिलो की तो भरकटतो आणि यंत्र बिघडले असे वाटते. झाडीत थांबत-थांबत जाणाऱ्याने होकायंत्र असलेले यंत्र घ्यावे. इतरांना त्याची निकड नाही. चुंबकीय उत्तर व खरे उत्तर यांत महाराष्ट्रात एक अंशाचाही फरक नसल्याने ती दुरुस्ती आपल्याला करावी लागत नाही.

एकाच जागेची अनेक वाचने घेऊन सरासरी काढण्याची सोय यंत्रात असावी. ती सर्वांत उपयोगाची आहे आणि दुकानदार तिच्याविषयी सहसा बोलत नाही. रंगीत पडदा, गाणी, हवामान यांसाठी जास्त पैसे मोजू नयेत.

परदेशातील नातेवाइकाकडून यंत्र मागविणाऱ्यांनी एक खबरदारी घ्यावी. उपग्रहामार्फत निरोप पाठविता येतील अशी यंत्रे आता निघाली आहेत. दिसायला ती साध्या जीपीएससारखीच असतात, परंतु उपग्रह दूरध्वनीप्रमाणे त्यांनाही भारतात दूरसंचार खात्याचा परवाना लागतो. परवान्याशिवाय असे यंत्र आणणारे प्रवासी विमानतळावर अडचणीत आलेले आहेत. केवळ संदेश घेणाऱ्या साध्या यंत्राबाबत हा प्रश्न येत नाही.

नोंद घेण्याची पद्धत

यंत्र बरेच दिवस बंद असेल तर त्याला उपग्रहांची नव्याने ओळख करून घ्यावी लागते. त्यास दहा-पंधरा मिनिटेही लागू शकतात. म्हणून घरातून निघतानाच अंगणात ते चालू करून ठेवावे. वाचन घेताना यंत्र छातीपुढे किंवा डोक्याच्या उंचीवर धरावे. कंबरेच्या खिशात ठेवल्यास आपलेच शरीर निम्मे आभाळ झाकते. जागेवर निदान दोन मिनिटे स्थिर उभे राहून मग बिंदू साठवावा. शक्य झाल्यास दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी तोच बिंदू पुन्हा घेऊन सरासरी काढावी.

वाचन अक्षांश व रेखांश या दोन आकड्यांत मिळते. महाराष्ट्रात अक्षांश १५ ते २२ अंशांच्या व रेखांश ७२ ते ८१ अंशांच्या दरम्यान येतो. याबाहेरचा आकडा दिसला तर लिहिताना चूक झाली असे खुशाल समजावे. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ कि.मी. दशांश पद्धतीत पाचव्या स्थळाचा आकडा साधारण एक मीटर दाखवितो. त्यामुळे पाच स्थळांपर्यंत लिहिणे पुरेसे आहे. सात-आठ स्थळे लिहून अचूकपणा वाढत नाही.

आता एक चूक सांगतो, जी आम्ही स्वतः केलेली आहे. हीच जागा यंत्र तीन तऱ्हांनी लिहिते. नुसते अंश दशांशात, अंश व मिनिटे दशांशात, किंवा अंश-मिनिटे-सेकंद. एके वर्षी मातीच्या नमुन्यांचे बिंदू एका यंत्रावर अंश-मिनिटे-सेकंदांत घेतले होते. वहीत '१९ २१ ३०' असे लिहिलेले. पुढील वर्षी दुसऱ्या यंत्रात भरताना ते १९ अंश २१.३० मिनिटे असे भरले गेले. तीस सेकंद म्हणजे अर्धे मिनिट, म्हणजे २१.५० भरावयास हवे होते. फरक दिसायला किरकोळ, परंतु जमिनीवर तो सुमारे ३७० मीटरचा झाला. यंत्राने 'पोहोचलात' असे सांगितले त्या ठिकाणी पायाखाली हलकी मुरमाड जमीन होती आणि वहीत मात्र काळी, खोल जमीन अशी नोंद. रंग वेगळा होता म्हणून चूक सापडली. जमीन सारखीच असती तर दुसऱ्याच शेतातील माती तपासून आम्ही पालाश कमी झाल्याचा किंवा वाढल्याचा निष्कर्ष काढून मोकळे झालो असतो.

तेव्हा घरातील सर्व यंत्रे व मोबाइल नुसत्या दशांश अंशांवर लावून ठेवावेत. यंत्रात आधारपृष्ठ निवडण्याचे एक कलम असते. तेथे 'डब्ल्यूजीएस ८४' हेच ठेवावे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट या दुसऱ्या आधारपृष्ठावर आहेत. त्यांवरील आकडे जसेच्या तसे यंत्रात भरल्यास जागा बरीच सरकते.

यंत्रात बिंदू साठविला तरी वहीत लिहिण्याचा कंटाळा करू नये. तारीख, गट नंबर, बिंदू कशाचा आहे, अक्षांश, रेखांश आणि जवळची खूण एवढे लिहावे. यंत्र हरवते, मोबाइल बदलतो, वही मात्र कपाटात राहते.

पाइपलाइन, बोअर व मातीचे नमुने

सुरुवातीस सांगितलेल्या पाइपलाइनच्या जोडाकडे वळू. चर उघडा असतानाच, माती ओढण्यापूर्वी, प्रत्येक जोडाचा, वळणाचा व व्हॉल्वचा बिंदू घ्यावा. नंतर वरून अंदाजाने घेतलेल्या नोंदीला तेवढी किंमत राहत नाही. पण एवढ्याने काम पुरे होत नाही. पाच मीटरची चूक नोंद घेताना आणि पुन्हा शोधताना पाच मीटरची, म्हणजे दहा मीटर परिघातही फिरावे लागेल. यासाठी जीपीएसच्या जोडीला टेप वापरावी. विहिरीच्या कठड्याचा कोपरा, विजेचा खांब किंवा पंपघराची भिंत अशा दोन पक्क्या खुणांपासून जोडाचे अंतर टेपने मोजून वहीत लिहावे. पुढे शोधताना दोन्ही खुणांपासून तेवढ्या लांबीच्या दोऱ्या ताणल्या, की त्या जेथे एकत्र येतील तेथे जोड असतो. दोऱ्या रेषेच्या दुसऱ्या अंगालाही एका ठिकाणी जुळतात. त्यांतील खरी बाजू कोणती हे जीपीएसचा बिंदू सांगतो. जुन्या दोन खुणांपैकी एक नाहीशी झाली तरी शोध अर्ध्या दिवसात उरकतो.

मातीच्या नमुन्यासाठी मात्र टेपची गरज नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिका योजनेत बागायतीत २.५ हेक्टर व कोरडवाहूत १० हेक्टर क्षेत्रातून जीपीएसच्या नोंदीसह एक नमुना घेण्याची पद्धत ठरविण्यात आली. तुमच्या शेताचा स्वतंत्र नमुना हवा असेल तर तुम्ही स्वतः घ्यावा, व दर वेळी त्याच भागातून घ्यावा. दोन-तीन वर्षांनी सेंद्रिय कर्ब वाढला की घटला हे पाहायचे तर जागा बदलून चालत नाही. पाच मीटरची चूक येथे बाधक नाही, कारण नमुना तसाही आसपासच्या आठ-दहा ठिकाणची माती मिसळून करायचा असतो.

बीजोत्पादनातील विलगीकरण अंतर हेही जीपीएससाठी योग्य काम आहे. आपला प्लॉट व त्याच पिकाचा शेजारचा प्लॉट यांत ओढा, घरे व दुसऱ्यांची पिके असतात. तेथे टेप धरता येत नाही. दोन्हीकडचे जवळचे कोपरे घेतले की यंत्र सरळ रेषेतील अंतर सांगते. शेकडो मीटरच्या अंतरात पाच-दहा मीटर सहज सामावतात. मात्र अंतर नियमाच्या अगदी काठावर येत असेल तर दहा मीटर आपल्या विरुद्ध धरून निर्णय घ्यावा.

क्षेत्र मोजताना

हार्वेस्टर, नांगरट, फवारणीचे ड्रोन यांचे पैसे एकरावर ठरतात आणि हल्ली चालक मोबाइलवर शेताभोवती फेरी मारून क्षेत्र सांगतो. ते कितपत मानावे?

एक एकर म्हणजे ४० गुंठे. चौरस धरल्यास त्याची बाजू ६३.६ मीटर येते. प्रत्येक बाजू ३ मीटरने जास्त मोजली गेली तर क्षेत्र जवळजवळ ४ गुंठ्यांनी, म्हणजे सुमारे १० टक्क्यांनी वाढते. हीच चूक १० गुंठ्यांच्या तुकड्यात २० टक्के होते. १० एकरांच्या सलग शेतात मात्र ती अवघी ३ टक्के राहते. तुकडा जितका लहान तितकी फसगत मोठी. प्रत्यक्षात एका फेरीत सर्व कोपरे बहुधा एकाच दिशेने सरकलेले असतात. त्यामुळे क्षेत्रातील चूक या हिशेबापेक्षा कमीही येते, परंतु त्यावर विसंबून राहू नये.

जीपीएसचा काही दोष नसतानाही क्षेत्र वाढते, ते चालण्याच्या पद्धतीने. पिकाच्या कडेऐवजी एक मीटर बाहेरून, बांधावरून फेरी मारली तर एका एकरात अडीच गुंठे वाढतात. एकरी २,५०० रुपये दर धरला तर चार गुंठ्यांचे २५० रुपये होतात. पैशापेक्षा औषधाच्या मात्रेचा विचार करावा. दहा गुंठ्यांचे क्षेत्र बारा गुंठे समजून तणनाशक घातले तर मात्रा पाचव्या भागाने जास्त पडते आणि पिकाला झळ बसू शकते.

म्हणून अर्ध्या एकराच्या आतील तुकडे टेपनेच मोजावेत. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फूट. शेत वाकडे असल्यास समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोरी धरून त्याचे दोन त्रिकोण करावेत व प्रत्येकाचा पाया गुणिले उंची भागिले दोन असा हिशेब करावा. एक-दोन एकरांसाठी जीपीएस वापरावे, मात्र पिकाच्या कडेने चालावे, प्रत्येक कोपऱ्यावर मिनिटभर थांबावे आणि तीन फेऱ्यांची सरासरी घ्यावी. चालकाबरोबर स्वतः फिरावे. त्याच्या आकड्याशी तुमचा आकडा जुळला तर वादच उरत नाही.

बांधाच्या वादात हे यंत्र आणू नये

बांध दोन-तीन फूट रुंदीचा आणि यंत्राची चूक सोळा फुटांची. केवळ एवढ्यावरून हे स्पष्ट व्हावे. परंतु मोबाइलवर उपग्रहाचे चित्र व त्यावर गटाच्या रेषा दिसतात तेव्हा माणसाचा विश्वास बसतो. तेथे तीन वेगवेगळ्या चुका एकत्र आलेल्या असतात. एक तुमच्या ठिपक्याची. दुसरी चित्राची, कारण वरून घेतलेले छायाचित्र जमिनीवर बसविताना काही मीटर इकडे-तिकडे होते. तिसरी नकाशाची. मुंबई इलाख्यातील जमीन मोजणीची पद्धत १८३५ च्या सुमारास इंदापूरकडे गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी बसविली. पुढे शंकूसाखळीने मोजून कागदावर काढलेले असे जुने नकाशे, कागद आक्रसल्यानंतर, संगणकावर घेतलेले आहेत. जुन्या मोजणीदारांचे काम कच्चे होते असे आमचे म्हणणे नाही. साखळीने मोजलेल्या बाजूंची लांबी आजही चांगली जुळते. परंतु तो नकाशा अक्षांश-रेखांशावर काढलेलाच नव्हता, म्हणून उपग्रहाच्या चित्रावर तो तंतोतंत बसत नाही.

अशा ठिपक्यावरून बांध कोरणे, खांब रोवणे किंवा भावकीत बोलाचाली करणे यांतून कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. जमीन तेवढीच राहते, दोन पिढ्यांचे बोलणे तुटते. शंका असल्यास तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करावा. भूकरमापक लगतच्या खातेदारांना नोटीस देऊन, त्यांच्यासमक्ष मोजणी करतो. त्यांच्याकडील रोव्हर हेही उपग्रहावरच चालते, मग ते कसे मानायचे, असा प्रश्न एका शिबिरात विचारला गेला. प्रश्न रास्त आहे. रोव्हरला ठाऊक असलेल्या जागेवरील स्थिर स्थानकाकडून त्याच क्षणी चुकीची दुरुस्ती मिळत असते. त्यामुळे त्याची चूक काही सेंटिमीटरवर येते. शिवाय ते वाचन मूळ अभिलेखाशी ताडून पाहिले जाते. तुमच्या हातातील यंत्राला ही दुरुस्ती मिळत नाही.

उंचीबाबतही तसेच आहे. जीपीएसची उंची जागेपेक्षा अधिक चुकते. कोकण किनाऱ्यावर काही मोबाइल समुद्रसपाटीच्या साठ-सत्तर मीटर खालची उंची दाखवितात, कारण ते समुद्रपातळीऐवजी पृथ्वीच्या गणिती आकारापासून उंची मोजतात. समतल चर, शेताचा उतार किंवा ठिबकचा दाब काढण्यासाठी ती वापरू नये. पाण्याची नळी, ए आकाराची चौकट किंवा डंपी लेव्हल यांचाच वापर करावा.

रानात फिरताना

अनोळखी रानात जाताना वस्तीवर किंवा गाडीजवळ पहिला बिंदू साठवावा व मार्ग नोंदविणे चालू करावे. परतताना त्याच मार्गाने मागे आणण्याची सोय यंत्रात असते. बाण नाकासमोरची दिशा दाखवितो. मध्ये घळ आहे, काटेरी कुंपण आहे की कठडा नसलेली विहीर आहे हे त्याला कळत नाही. रात्री पडद्याकडे पाहत चालू नये. थांबून पाहावे, दिशा घ्यावी, मग विजेरीच्या उजेडात पायाखाली पाहत पुढे व्हावे. धुक्यात किंवा पावसात सह्याद्रीच्या माथ्यावर कड्याची धार पाच मीटरच्या चुकीत येते, म्हणून कड्याजवळून जाणाऱ्या नोंदलेल्या मार्गावरही डोळे मिटून भरवसा ठेवू नये. सेलचा एक जादा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून जवळ ठेवावा.

हंगाम संपल्यावर यंत्रातील सेल काढून ठेवावेत. ते आत राहिले तर फुटून त्यांतील द्रव पितळी पट्ट्या खातो, आणि दुरुस्तीचा खर्च पुष्कळदा यंत्राच्या किमतीच्या निम्म्यावर जातो. चिखल लागल्यास ओल्या फडक्याने पुसावे, रॉकेल किंवा पेट्रोल लावू नये. साठविलेले बिंदू वर्षातून एकदा संगणकावर उतरवून घ्यावेत. गावातील कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी हे काम दहा मिनिटांत करून देतात.